शिंग फुंकायचं नाही

शनिवारचा घेवडा चुलीवरून उतरायच्या आतच मॅलॉकांच्या घरात दोन तट पडले होते. केझाया कुठल्याच तटात नव्हती, आणि घर तिचं असल्यामुळे हेच सगळ्यांना जास्त खुपत होतं.

बैठक बोलावली होती थोरल्या ओबेडनं. उद्याच्या भरतीला बायकांनी सामानसुमान घेऊन खाडीपलीकडे सेंट जॉर्जला निघून जायचं की डिअर बेटावरच राहायचं, एवढाच प्रश्न होता. पण या घरात कुठलाही प्रश्न कधी एकटा येत नसे. मागून त्याचे सोयरेधायरे यायचे.

"आई, तू हो म्हण, म्हणजे विषय संपला," ओबेड म्हणाला. तो होमगार्डचा सार्जंट होता. दंडाला पट्टी, आणि बंदूक दाराशी टेकवलेली. जेवणाच्या खोलीत बंदूक आणायची नाही हा त्याच्या बापाचा नियम होता. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बंदूक उंबऱ्याबाहेरच होती.

"गेल्या शनिवारी काय झालं ते विसरलात?" तो पुढे म्हणाला. "शेजारच्या बेटावर होडी आली. जकातवाल्याच्या छातीला पिस्तूल लावलं आणि झेंडा उतरवून नेला. आज झेंडा नेला, उद्या गुरं नेतील, परवा बेटच नेतील."

"एका फडक्यासाठी एवढा जीव टांगणीला?" इझ्रामामा खुर्चीत मागे रेलत म्हणाला. केझायाचा हा थोरला भाऊ. गेल्या वर्षीच्या निवडणुकीत न्यू ब्रन्सविकनं कॅनडाशी एक व्हायला नकार दिला, तेव्हा नकार देणाऱ्यांत तो पुढे होता, आणि ते चारचौघांत सांगण्यात तर सगळ्यांच्याच पुढे. "अरे, हे फेनियन म्हणजे शुद्ध बागुलबुवा. आई पोराला झोपवायला बागुलबुवा आणते, या एकीवाल्यांनी आपल्याला मतपेटीकडे हाकायला आणलाय. पुन्हा निवडणूक आली ना तोंडावर! भ्यालेला माणूस कशालाही हो म्हणतो. ते तिकडचे कॅनडावाले माझे कोण लागतात? माझं हेरिंग खातात का ते?"

"तुमचं हेरिंग आता ईस्टपोर्टवालेही खात नाहीत, मामा. गेल्या महिन्यात अमेरिकेनं करार मोडला आणि जकात बसवली. विसरलात वाटतं?"

मामा विसरला नव्हता. त्याची खारवलेल्या माशांची पिंपं धक्क्यावर पडून होती. त्यानं पाइप काढला आणि तो पेटवण्यात बराच वेळ घालवला.

बागुलबुवा असो नाहीतर आणखी काही, तो समोर दिसत होता हे मात्र खरं. अमेरिकेतली भाऊबंदकीची लढाई आदल्या वर्षी संपली. लाखो माणसं बंदूक चालवायला शिकली आणि मग एकदम रिकामी झाली. त्यांतल्या आयरिश शिपायांच्या डोक्यात कुणीतरी भरवलं की इंग्रजांचा इकडचा मुलूख बळकावायचा आणि त्याच्या बदल्यात आयर्लंड सोडवून घ्यायचं. समोर, अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ईस्टपोर्टला ते जमले होते. हवा मोकळी असली की केझायाला तिच्या खिडकीतून तिथली कवायत दिसायची. कपडे धुवायला काढावेत तर नजर तिकडे, पाव भाजावा तर नजर तिकडे. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटतेय हे कबूल करायला जागा नव्हती, कारण घरात सगळे तिच्या तोंडाकडे बघून घाबरायचं की नाही ते ठरवत.

"आणि सगळं इथंच बोलायला हवं का?" ओबेडची बायको लव्हिनिया म्हणाली. तिनं मान चुलीकडे वळवली.

चुलीशी ऑनोरा उभी होती. धाकट्या ल्यूथरची बायको; आयरिश, कॅथलिक, आणि दिवस भरत आलेले. फेनियन हा शब्द निघाला की सगळ्यांचे डोळे तिच्याकडे जात आणि मग मुद्दाम दुसरीकडे वळत. ल्यूथर चार वर्षांपूर्वी पलीकडे गेला, अमेरिकेच्या लढाईत लढला, डाव्या खांद्यात गोळी घेऊन परतला, तो ईस्टपोर्टलाच राहिला. गेल्या आठवड्यात त्यानं बायकोला आईकडे आणून सोडलं आणि तसाच मागे फिरला. का, ते कुणाला सांगितलं नाही.

"माझ्यासमोर बोला," ऑनोरा म्हणाली. "मागे बोललात तरी मला कळतंच."

पण ती बोलताना बघत होती खिडकीबाहेर. केझायानं ते पाहिलं. खिडकीबाहेर आता ईस्टपोर्ट नव्हतं. धक्का नव्हता, खडक नव्हते, अंगणातला लाकडांचा ढिगारासुद्धा नव्हता. धुकं भर दुपारी दारापर्यंत येऊन बसलं होतं.

"ऑनोरा, कुणाची वाट बघतेस?" केझायानं विचारलं.

पोरीनं ओठ घट्ट मिटले, आणि मग एकदम बांध फुटला. "ल्यूथर येतोय, आई. जेवणवेळेला निघणार होता. घरातलं सगळं होडीत भरून. कायमचा येतोय."

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" ओबेड उभाच राहिला.

"आधी सांगितलं असतं तर येऊ दिली असती का भाऊजी, ईस्टपोर्टची होडी?"

ओबेड पुन्हा खाली बसला.

तेवढ्यात बाहेरून दुसरा आवाज ऐकू यायला लागला. बेटाच्या टोकाशी, भरती जोरात चढायला लागली की समुद्रात मोठा भोवरा फिरतो. तिकडचे लोक त्याला म्हातारी डुकरीण म्हणतात, कारण तो घुरघुरतो. म्हातारीनं आजवर गिळलेल्या माणसांची नावं बेटावर प्रत्येक घरात आहेत. आता ती जागी झाली होती.

अशा धुक्यात ज्याचं माणूस पाण्यावर असेल त्या घरानं शिंग फुंकायचं, ही बेटाची चाल. पत्र्याचं लांब शिंग, दाराशेजारी खुंटीला टांगलेलं. प्रत्येक घराची फुंक वेगळी. मॅलॉकांची दोन लांब आणि एक आखूड. होडीतला माणूस कान देतो, आपलं घर ओळखतो, जवळच्या शिंगावर तीच फुंक परत देतो आणि त्या आवाजावर वल्हवत येतो. ऐकू येईपर्यंत तो जागचा हलत नाही. भरती मात्र त्याला हलवत असते.

केझायानं दाराकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

"मीच काढलंय," ओबेड म्हणाला. "आई, परवाच्या दिवशी हुकूम निघालाय. आजपासून शिंग म्हणजे इशारत. शिंग वाजलं की देवळाची घंटा वाजणार, बायकापोरं रानात पळणार आणि आमची माणसं किनाऱ्यावर बंदुका भरून उभी राहणार. दिसेल त्या होडीवर गोळी. दुसऱ्या कशासाठीही शिंग फुंकायचं नाही."

"ल्यूथरला कुठं माहीत आहे हा हुकूम?"

"नाही माहीत."

"म्हणजे तो तिथं शिंगाची वाट बघत बसणार."

"आई, मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

"कळतंय ना? मग शिंग दे."

ओबेडनं मामाकडे पाहिलं. एरवी मामानं ही संधी सोडली नसती. हुकूम देणाऱ्यांची सात पिढ्यांपर्यंत खबर घेतली असती. पण मामाचा पाइप विझला होता आणि तो खिडकीपासून लांब सरकून बसला होता.

"केझी," तो हळूच म्हणाला, "मॅलॉकांची फुंक ईस्टपोर्टच्या पोरासोरांना पाठ आहे. शिंग वाजवलं तर ते ऐकणारा ल्यूथरच असेल कशावरून? त्या आवाजावर कुणीही येईल गं."

"बागुलबुवासुद्धा?" लव्हिनियानं विचारलं.

"आणि आणखी एक," ओबेड बोलायला लागला आणि थांबला. त्याला ते बोलायचं नव्हतं, हे केझायाला दिसत होतं. लहानपणी दात दुखला की तो असाच चेहरा करायचा. "ल्यूथर एकटाच असेल कशावरून? तो त्यांच्यासोबत लढलाय. त्यांतले निम्मे त्याचे ओळखीचे. ही खाडी त्याच्याइतकी कुणाला माहीत आहे? मला जर इथं होड्या आणायच्या असत्या, तर वाट दाखवायला मी त्यालाच धरला असता."

"धरलाच होता," ऑनोरा म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"माझा भाऊ फेलिम त्यांच्यात आहे. आमच्या घरी आला, जेवला, आणि ल्यूथरला म्हणाला, आम्हाला फक्त वाट दाखव, बंदूकसुद्धा हातात घेऊ नकोस. ल्यूथरनं त्याला जिन्यावरून ढकलून दिलं. माझ्या सख्ख्या भावाला. दुसऱ्या दिवशी मला इथं आणलं. आता तिकडे तो फितूर, इकडे तो फेनियन. त्यानं उतरायचं तरी कुठं?"

"हे खरं कशावरून?" मामा म्हणाला.

"मामा, मी या अवस्थेत खोटं बोलायला कुठं दम आणू?"

बाहेर म्हातारी घुरघुरत होती. केझायाला ओबेडचं म्हणणं पटत होतं आणि ऑनोराचंही पटत होतं. दोन्ही पटत असताना माणसानं काय करावं, हे तिला तिच्या आईनं शिकवलं नव्हतं. तिच्या आजोबांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजाची बाजू घेतली म्हणून त्यांना तिकडच्या कॅस्टीन गावातलं घर फळी फळी उचकटून होडीत घालावं लागलं होतं. हेच ते घर, सरहद्दीच्या अलीकडे आणून पुन्हा उभं केलेलं. तेव्हा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना हाकललं होतं. ही गोष्ट ती लहानपणी मजेनं ऐकायची. आज ती त्याच फळ्यांकडे बघत राहिली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. लव्हिनिया उठली होती. कमरेची किल्ली काढून ती कोपऱ्यातल्या पेटीशी गेली.

"लव्हिनिया!" ओबेड ओरडला.

"ओरडू नका. माझा भाऊ बुडाला तेव्हा बाबा घरी नव्हते. शिंग होतं. मी नऊ वर्षांची, मला फुंकायला दम पुरेना. फूफू करत रडत बसले. तो कुठं आहे तेही आम्हाला ऐकू येत होतं." तिनं पेटी उघडली, शिंग काढलं आणि सासूच्या हातात दिलं. मग ऑनोराकडे न बघता म्हणाली, "मला ही बाई आवडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिच्या नवऱ्याला मी बुडू देणार नाही."

ओबेडनं उंबऱ्याबाहेरची बंदूक उचलली.

"मी पुळणीवर जातो," तो म्हणाला. "माणसं येतील त्यांच्या पुढे उभा राहतो. आई, मी पोचलो की फुंक. आणि देवाचं नाव घे."

केझाया उतारावर गेली आणि तिनं शिंग फुंकलं. दोन लांब, एक आखूड.

धुक्यात आवाज गेला आणि क्षणभर काहीच झालं नाही. मग देवळाची घंटा सुरू झाली. एका घराचं दार आपटलं, दुसऱ्याचं आपटलं. कुणाचं तरी मूल रडत रानाकडे गेलं. बूट दगडांवरून धावत खाली उतरत होते. हे सगळं आपल्या एका फुंकेनं झालं, हे केझायाला कळत होतं. तरी तिनं पुन्हा फुंकलं. आणि पुन्हा. आणि मग लांबून, म्हातारीच्या घुरघुरीच्या अलीकडून, एक बारीक शिंग वाजलं. दोन लांब, एक आखूड.

"तोच!" ऑनोरा तिचा दंड धरून म्हणाली. "आई, तोच आहे!"

आता खरं म्हणजे भीती संपायला हवी होती. पण ती तिथूनच वाढली. केझाया पुळणीपर्यंत उतरली, ऑनोरा तिचा दंड धरूनच. समोर ओबेडची पाठ, दोन्ही बाजूंना होमगार्डची पोरं, कालपर्यंत तिच्या परसातली सफरचंदं चोरणारी, आज बंदुका खांद्याला लावून थरथरणारी. वल्ह्यांचा आवाज जवळ येत होता. एक जोडी की दोन? की जास्त? फुंक तर सगळ्या ईस्टपोर्टला पाठ होती. मामाच म्हणाला होता. ल्यूथरला धरून, त्याचं शिंग काढून घेऊन कुणी फुंकत असेल तर? आपण कुणाला बोलावलं? रानात पळालेली ती सगळी पोरं आपल्याच शेजारणींची. आपण पोराला वाचवायला शिंग फुंकलं की बेट विकलं, हे तिचं तिलाच कळेना.

आणि मग धुक्यातून तो आला.

होडीच्या पुढच्या टोकाला एक माणूस उभा होता. उंच, ताठ, अमेरिकन पलटणीचा निळा कोट घातलेला. चेहरा दिसत नव्हता. एक हात बाजूला काढलेला, हातात बंदुकीसारखं काहीतरी. तो ल्यूथर नव्हता. ल्यूथर एवढा उंच कधीच नव्हता.

"तेच आहेत!" केझाया किंचाळली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. "तेच आहेत! घाला गोळी!"

"थांबा!" ओबेडनं हात आडवे केले. पण एका पोराचं बोट दाबलं गेलं होतं. आवाज झाला, धूर झाला, निळा माणूस झटका बसल्यासारखा मागे गेला आणि लाकूड मोडल्याचा कडकडाट झाला.

"अरे, कोण गाढव आहे रे ते?" होडीच्या तळातून कुणीतरी ओरडलं. "खुर्ची आहे ती! माझ्या बायकोची खुर्ची!"

ल्यूथर खाली बसून वल्हवत होता, सगळे वल्हवतात तशी किनाऱ्याकडे पाठ करून. पुढं ऑनोराची झुलती खुर्ची उभी बांधली होती, तिला घोंगडीची वळकटी टेकवलेली, त्यावर ओल लागू नये म्हणून आपला जुना कोट घातलेला. बाजूला आलेला तो हात म्हणजे कोटाच्या बाहीतून निघालेला केरसुणीचा दांडा होता. गोळी खुर्चीच्या पाठीतून आरपार गेली होती. बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून वीतभर.

होडी वाळूला लागली. ल्यूथर उतरला, पडला, उठला. ऑनोरा पाण्यात धावत गेली आणि त्याच्या गळ्यात पडली. तिच्या डोक्यावरून त्यानं पुळणीवरच्या माणसांकडे पाहिलं. हातात बंदुका असलेली सगळी तोंडं ओळखीची होती.

"गोळी घाला कोण म्हणालं?" त्यानं विचारलं. "म्हातारीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. पण कुणीतरी म्हणालं."

पोरं खाली बघत होती. सगळ्यांना ठाऊक होतं. लव्हिनिया उतारावर उभी होती, तिलाही ठाऊक होतं. केझायानं तोंड उघडलं.

"मी म्हणालो," ओबेड म्हणाला.

"तू?"

"अमेरिकन कोट दिसला. माझी जबाबदारी आहे. मी म्हणालो."

ल्यूथर पाण्यात थुंकला. "तिकडे लढाईत मला अनोळखी माणसानं गोळी घातली होती," तो म्हणाला. "ते बरं होतं." आणि खुर्चीचा मोडका भाग उचलून तो घराकडे चालायला लागला.

केझाया ओबेडशी आली. "बाळा, हे तू काय केलंस? मी सांगते त्याला."

"नको, आई. माझ्यावर तो आधीपासून रागावलेला आहे. आणखी थोडा रागावेल. तुझ्यावर रागवायची त्याला सवय नाही." त्यानं बंदूक खाली केली. "आणि मी जर त्याच्या पाठीला ओळखलं नसतं, तर मीही तेच म्हणणार होतो. डाव्या खांद्यानं वल्हं कमी ओढतो तो. तेवढ्यानं वाचला."

घेवडा कोमट झाला होता. काकवी आणि खारवलेलं मांस तळाशी बसलं होतं. सगळे एका टेबलाभोवती बसले, ओबेड सोडून. तो पहाऱ्यावर राहिला. कुणी जागेवरून उठून त्याला बोलवायला गेलं नाही. लव्हिनियानं एक थाळी झाकून ठेवली.

बऱ्याच वेळानं इझ्रामामा घसा खाकरून म्हणाला, "मी यंदा एकीच्या बाजूनं मत टाकणार आहे."

"काय झालं, मामा?" ल्यूथरनं विचारलं. "कॅनडावाले तुमचं हेरिंग खायला लागले?"

"थट्टा कर. मी आज इथं बसून तुला बाहेर बुडू द्यायला तयार झालो होतो. तुला, माझ्या मांडीवर वाढलेल्याला. माणूस इतका भ्यायला लागला की त्यानं एकट्यानं राहू नये. कुणाच्यातरी आसऱ्याला जावं. मग ते कसे का असेनात." त्यानं पाइप पेटवायचा प्रयत्न केला, आणि काडी हातातून खाली पडली. "गावोगाव हेच होणार, बघशील. प्रेमापोटी नाही कुणी एक होणार. भीतीपोटी होणार. आणि पुढं पोरांना सांगतील की प्रेमापोटी झालो."

कुणी हसलं नाही. ल्यूथरनं थाळी पुढं केली आणि केझायानं त्याला आणखी वाढलं. डाव आदळून थाळीच्या कडेवर वाजला. ल्यूथरनं तिचा हात धरला. बारका होता तेव्हा धरायचा तसा, पूर्ण मुठीत.

"किती गार पडलाय गं हात," तो म्हणाला. "मला वाटलं होतं आज कुणी शिंग फुंकणारच नाही. म्हातारी अगदी कानाशी आली होती. म्हटलं संपलं. आणि मग तुझी फुंक आली. तुझी मी हजारांत ओळखतो, शेवटची आखूड तू नेहमी जरा घाईनं सोडतेस." त्यानं ओबेडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. "या बेटावर बाकीचे कुणी कसेही वागोत. तू उभी आहेस म्हटल्यावर मला किनाऱ्यावर कसली भीती?"

पलीकडून ऑनोरा सासूकडे बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पुळणीवर तिच्या दंडाला दंड लावून. तिच्या नजरेत राग नव्हता. सासू आता काय बोलते, याची ती फक्त वाट बघत होती.

"हो," केझाया म्हणाली. "जेव आता."